अटॅकच आला असणार! अचानक गेलेल्या माणसाची चौकशी नक्की करतं कोण

तीन-चार वर्षं झाली असतील. जानेवारी, सकाळचे साडेआठ, इंदूरची थंडी, आणि मी पोहे-जिलबीचा पुडा घेऊन घरी येत होतो तेवढ्यात आत्याचा फोन. आत्या सुदामा नगरात राहते, वरच्या दोन खोल्या तिनं पीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना भाड्यानं दिल्यात. "बंड्या, वरचा पोरगा बाथरूममधनं बाहेरच येत नाहीये रे, अर्धा तास दार वाजवतेय, आत पाणी सुरूच आहे."

मी आणि शेजारचे रिटायर्ड बँकवाले काका, दोघांनी मिळून कडी तोडली. मुलगा खाली पडलेला होता, बाकी जास्त लिहीत नाही. नळ बंद केला, त्याला बाहेर ओढला, छाती दाबली, १०८ला फोन केला, ती गाडी आली नि त्यांनी बघून मान हलवली. वय तेवीस. माझं डोकं तेव्हा असलं ठणकत होतं की बस, मला वाटलं टेन्शनमुळे.

जिन्यावर तोवर अर्धी गल्ली जमा झालेली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, अटॅकच आला असणार, आजकाल तरुण पोरांनाच येतो, जिममध्ये येतो, नाचता नाचता येतो. मलाही तेच वाटलं. मग ठाण्यातून एक एसआय, म्हणजे सब-इन्स्पेक्टर, साहेब आले, एक हवालदार सोबत, आणि त्यांनी विचारलं की पंच कोण होणार. बघता बघता मी आणि बँकवाले काका पंच झालो. कायद्यात यासाठी 'आसपासचे दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवासी' अशा अर्थाचे शब्द आहेत, तर ते प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे मंकी टोपी घातलेले काका आणि ट्रॅक पँटवर शाल पांघरलेला मी.

त्या दिवसापासून या विषयाचा मला नाद लागला. माझं काम दवा बाजारात आहे, डॉक्टर लोकांशी रोज बोलणं होतं, त्यात फॉरेन्सिकवाले एक-दोन ओळखीचे निघाले, त्यांना चहा पाजून पाजून जे समजलं ते इथे लिहितोय. आपल्याकडे याबद्दल लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात, एक म्हणजे 'पीएम', म्हणजे पोस्टमॉर्टेम, आणि दुसरी म्हणजे ते टाळायला कोणाला फोन लावायचा.

आधी साधा प्रश्न, कोणताही माणूस गेला की पोलिस येतात का? नाही. आजोबा नव्वदीचे, दोन वर्षं आजारी, फॅमिली डॉक्टर नेहमी बघायला यायचे, अशा वेळी तेच डॉक्टर मरणाचं कारण लिहून देतात. हॉस्पिटलात वारले तर फॉर्म ४, घरी वारले तर ४ए, झालं. पण त्यासाठी डॉक्टरला कारण माहीत असावं लागतं. ज्यानं पेशंटला कधी तपासलंच नाही तो कशाच्या जिवावर लिहिणार? ओळखीतून लिहून देणारे निघतात म्हणा, पण ते चूक आहे, आणि उद्या काही निघालं तर त्या डॉक्टरच्याच गळ्याशी येतं.

आत्महत्या, खून, अपघात, मशीनमध्ये सापडून किंवा जनावरामुळे आलेलं मरण, किंवा ज्यात काहीतरी शंका घेण्यासारखं आहे असं कुठलंही मरण, यात ठाण्याला कळवावं लागतं आणि ठाणं 'मर्ग' कायम करतं. हा शब्द मराठवाड्या-पुण्याकडच्या लोकांना नवीन वाटेल, तिकडे 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते, एडी म्हणतात. आपल्याकडे एमपीत मर्ग. शब्द फारसी आहे, अर्थ सरळ मरण. आणि लोक इथेच घाबरतात, मर्ग म्हणजे गुन्हा दाखल झाला असं वाटतं त्यांना. तसं नाहीये. मर्ग ही एफआयआर नव्हे, मर्ग म्हणजे नुसता एक प्रश्न लिहून ठेवलाय, की हा माणूस कसा मेला. उत्तरात गुन्हा निघाला तर एफआयआर, नाही निघाला तर फाइल बंद.

माझ्या वेळी हे सगळं सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १७४खाली चालायचं, १ जुलै २०२४पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात तेच कलम १९४ झालंय. काम साधारण तेच, ठाण्याचा अधिकारी जागेवर येतो, कार्यपालक मजिस्ट्रेटला कळवतो, पंचांसमोर बॉडी बघतो, जखमा, खुणा, कपडे, आजूबाजूला काय पडलंय ते लिहितो. नवीन कायद्यात हा रिपोर्ट चोवीस तासांत पुढे पाठवायचा असंही घातलंय. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि बाई आत्महत्या करून किंवा संशय येईल अशी गेली, तर पीएम करावंच लागतं आणि चौकशीला कार्यपालक मजिस्ट्रेट येतो, आमच्याकडे बहुतेक तहसीलदार नाहीतर एसडीएम. कोठडीत कोणी मेला तर न्यायिक मजिस्ट्रेट.

आमच्याकडे जो कागद लिहिला गेला त्याला नक्शा पंचायतनामा म्हणतात. एसआय साहेब गुडघ्यावर पॅड ठेवून हिंदीत लिहीत होते, डोकं कुठल्या दिशेला, पाय कुठल्या दिशेला, डोळे अर्धे उघडे, अंगावर टॉवेल, बाहेरून जखम दिसत नाही. मग मला विचारलं, "क्या लगता है?" मी म्हटलं, साहेब अटॅकच दिसतोय. त्यांनी तसंच लिहिलं, पंचांच्या मते मरण हृदयाघातानं झाल्यासारखं वाटतं, खरं कारण कळायला पीएम करणं योग्य होईल. शेवटची ओळ नेहमीचीच असते म्हणे, जवळजवळ प्रत्येक पंचायतनाम्यात असते. मी खाली सही केली. माझं शिक्षण बीकॉम.

आता मुद्द्याची गोष्ट. इंग्रजी सिरियल बघणाऱ्यांना 'कोरोनर' माहीत असतो, तो जागेवर येतो, बॉडी उचलतो, लॅबमध्ये नेतो, आणि सगळं तोच ठरवतो. आपल्याकडे तसा माणूस नाही. आपल्याकडे प्रश्न विचारतो ठाण्याचा अधिकारी, आणि उत्तर देतो डॉक्टर, आणि हे दोघं बऱ्याचदा एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत. मधे फक्त कागद फिरतो. मला विचाराल तर सगळी गोम इथेच आहे.

कोरोनर हे पद इंग्लंडचं, ११९४ सालापासूनचं. 'क्राउन'वरनं आलेला शब्द. राजाचा माणूस, गावात कोणी अचानक मेला की जाऊन बघायचं कसा मेला, आणि खरं तर त्यातून राजाला दंड किंवा जप्ती किती मिळते ते बघायचं. इंग्रजांनी ते इकडे आणलं, १८७१चा कोरोनर कायदा, कोलकाता-मुंबईसारख्या प्रेसिडेन्सी शहरांपुरता. बाकी देशात पोलिसच चौकशी करत आले. मुंबईत मात्र कोरोनर १९९९पर्यंत टिकला, म्हणजे आपल्यातले बरेचजण शाळेत होते तेव्हासुद्धा मुंबईत कोरोनरचं कोर्ट होतं आणि ज्युरी बसवायची सोय होती. मग ते बंद झालं. इंदूर होळकरांचं संस्थान, इथे ते कधी आलंच नाही.

जाता जाता एक मजेशीर गोष्ट, मजेशीर म्हणू नये खरं. भारतातलं सगळ्यात जुनं नोंद असलेलं मेडिको-लीगल पीएम मद्रासचं, १६९३ सालचं. एडवर्ड बल्कली नावाच्या सर्जननं केलं, मेलेला माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलचा मेंबर. संशय असा की ज्या खलबत्त्यात आधी सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, कुटला होता त्यातच त्याच्या औषधाचे मोती कुटले. तीनशे वर्षं झाली, आणि अजूनही अर्ध्या केसमध्ये गोष्ट अशीच असते, कोणी मारलेलं नसतं, भांडं न धुतलेलं असतं.

कोरोनर पद्धतीत एक मोठा घोळ होता, कोरोनर डॉक्टरच असला पाहिजे असं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये हे पद निवडणुकीनं भरायचे, आणि तिथे कोण कोण कोरोनर झाले तर अंत्यविधीचं सामान पुरवणारे, राजकारणी, गुत्तेवाले, प्लंबर, एक दूधवाला. पैसे देऊन कारण बदलून मिळायचं. शेवटी १९१८मध्ये तिथे ते पद काढून चीफ मेडिकल एक्झामिनर, म्हणजे मरणाचं कारण तपासणारा सरकारी डॉक्टर, आणला, चार्ल्स नॉरिस, आणि त्याच्याबरोबर विषांचा तपास करायला अलेक्झांडर गेटलर नावाचा केमिस्ट. दोघांनी मिळून हे काम गप्पांमधून काढून लॅबमध्ये नेलं. तरी अमेरिकेच्या कित्येक काउंट्यांमध्ये आजही कोरोनर निवडूनच येतो. आपल्या वॉर्डाच्या पार्षदानं पीएमचं कारण ठरवावं तसं.

मोठ्या शहराच्या कोरोनरचं करिअर कसं असतं ते बघायचं तर लॉस एंजेलिसच्या थॉमस नोगुची यांचं बघा. जपानी माणूस, १९२७चा जन्म, डॉक्टरकी जपानमध्ये केली, १९५२मध्ये अमेरिकेला गेला, १९६१मध्ये तिथल्या कोरोनर ऑफिसात लागला. वर्षभरात, ऑगस्ट १९६२ला, त्याच्या टेबलावर कोण आलं तर मर्लिन मन्रो. ऑफिसात हा ज्युनिअर. त्यानं भिंग घेऊन सगळं अंग बघितलं, कुठे सुईची खूण आहे का, नाही सापडली. रक्त आणि लिव्हर तपासायला गेलं, त्यात झोपेच्या औषधांचं प्रमाण जीवघेणं निघालं, आणि लॅबवाल्यांना वाटलं एवढ्यात उत्तर मिळालंय. पोट, आतडी, किडनी यांची तपासणी केलीच नाही. नंतर नोगुचीनं मागितलं तर नमुने फेकून दिलेले. निकाल 'बहुधा आत्महत्या', आणि त्या न तपासलेल्या बरण्यांवर साठ वर्षं लोक कटाच्या गोष्टी रचतायत. निकाल कदाचित तोच राहिला असता. पण बरणी फेकली की तोंड बंद करायचा मार्गही फेकला जातो.

बहुतेक त्यातनंच तो शिकला. १९६८ला रॉबर्ट केनेडीला गोळ्या घातल्या तेव्हा नोगुची तिथला चीफ झालेला होता. पाच वर्षांपूर्वी डॅलसमध्ये थोरल्या भावाचा, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडीचा, खून झाला तेव्हाच्या पीएमवर खूप टीका झालेली, म्हणून यानं बाहेरचे सरकारी तज्ज्ञ बोलावून घेतले, त्यांच्यासमोर काम केलं, तासन्‌तास. मारक गोळी उजव्या कानामागून शिरलेली. आता ती किती अंतरावरून मारली हे कळायला कातडीवर बारूद बघावी लागते, पण हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी डोक्याचे केस काढलेले! यानं ते कापलेले केस शोधून मागवले, त्यात बारूद सापडली. मग डुकराचे कान आणून वेगवेगळ्या अंतरावरून गोळ्या झाडून बघितल्या, कुठल्या अंतराला तशी खूण उमटते. उत्तर निघालं कानापासून साधारण एक इंच. साक्षीदार म्हणत होते पकडलेला माणूस समोरून गोळ्या झाडत होता, आणि कागद म्हणत होता मागून आणि अगदी जवळून. यावरनं आजही वाद चालू आहे. नोगुचीनं गोळी कोणी झाडली ते लिहिलं नाही, ते त्याचं कामच नव्हतं, त्यानं फक्त कुठून आणि किती अंतरावरून ते लिहिलं. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात कठीण गोष्ट हीच, जेवढं दिसलं तिथपर्यंत लिहून पेन खाली ठेवणं.

आणि त्यालाही ते नेहमी जमलं नाही. १९६९मध्ये काउंटीनं त्याला काढून टाकलं, आरोप असले की हसावं का रडावं, म्हणे हा माणूस विमान पडावं म्हणून प्रार्थना करतो कारण त्यात याचं नाव होईल. तिथला जपानी समाज त्याच्यामागे उभा राहिला, सुनावणी झाली आणि तो परत खुर्चीवर. मग १९८१च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम होल्डन आणि नॅटली वुड, दोन मोठे कलाकार काही दिवसांच्या अंतरानं गेले, एक दारू पिऊन पडला आणि रक्त वाहून गेला, दुसरी बोटीवरनं पाण्यात. नोगुचीनं पत्रकारांना दारू, बोटीवरची भांडणं, सगळं उघड सांगितलं. हॉलिवूड चिडलं, आणि १९८२ला त्याला चीफच्या खुर्चीवरून उतरवलं. खरं बोलल्यामुळे उतरवलं की जास्त बोलल्यामुळे, यावर मी नक्की सांगू शकत नाही, मला वाटतं थोडं थोडं दोन्ही. गंमत म्हणजे नॅटली वुडच्या केसमध्ये तेव्हा लिहिलेलं 'अपघात', २०१२मध्ये त्याच ऑफिसनं बदलून 'बुडून, आणि इतर अनिश्चित कारणं' केलं. तीस वर्षांनी कागद बदलला.

इथे तीन शब्द समजून घ्या, कारण सगळा गोंधळ त्यांचाच आहे. समजा माणूस गाडीवरनं पडला, बरगडी मोडली, ती फुफ्फुसात घुसली, रक्त वाहून तो गेला. कारण म्हणजे ज्यानं सगळी माळ सुरू झाली ती जखम. प्रक्रिया म्हणजे शरीर शेवटी कसं थांबलं, इथे रक्तस्राव. आणि प्रकार म्हणजे ते कसं घडलं, नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, नाहीतर ठरवता येत नाही. 'हार्ट फेल' हे कारणच नव्हे, कुणीही मेला की हार्ट थांबतंच. अमेरिकेतला मेडिकल एक्झामिनर तिन्ही लिहितो. आपल्याकडे डॉक्टर कारण लिहितो, प्रकार म्हणजे अपघात की खून, ते बहुतेक पोलिस आणि कोर्टावर सोडलेलं असतं.

आता पीएम रूममध्ये होतं काय. लोकांना वाटतं कुऱ्हाडी चालतात. आधी तर कित्येक वेळ कापाकाप काहीच नसते, कपडे बघतात, लांबी मोजतात, नखं, दात, जुन्या जखमा, डोळ्यांच्या आतली बाजू. मग डोकं, छाती, पोट, तिन्ही उघडावीच लागतात, कारण छातीत सापडलं म्हणून डोकं न बघता सोडलं तर कोर्टात वकील तेच धरतो. प्रत्येक अवयव बाहेर काढून वजन करतात. नंतर सगळं आत ठेवून शिवतात, चेहऱ्याला काही होत नाही, वरून कपडे घातले की कळतही नाही. विषाची शंका असेल तर 'विसरा' (इंग्रजीतला व्हिसेरा, म्हणजे आतले अवयव) काढून ठेवतात, पोट आणि त्यातलं जे असेल ते, आतड्याचा तुकडा, लिव्हर, दोन्ही किडन्यांचा अर्धा अर्धा भाग, मिठाच्या दाट पाण्यात. लोणच्यासारखं म्हणवत नाही पण तत्त्व तेच. सील लावून ते एफएसएलला, म्हणजे सरकारी फॉरेन्सिक लॅबला, जातं, आपल्या राज्याची मोठी लॅब सागरला आहे.

मरून किती वेळ झाला हे सिनेमात सव्वानऊ वाजता असं सांगतात, ते विसरा. तीन गोष्टी बघतात, अंग गार होणं, अंग ताठ होणं, आणि रक्त खालच्या बाजूला उतरून डाग पडणं. डाग अर्ध्या-एक तासापासून दिसायला लागतात, साधारण सहा-आठ तासांनी जागच्या जागी बसतात, मग बॉडी उलटवली तरी हलत नाहीत. म्हणून कोणी पाठीवर पडलेला सापडला आणि डाग छातीवर असतील तर कोणीतरी त्याला हलवलंय. अंग गार होण्याचा हिशेब इंग्लंडच्या पुस्तकात सोपा आहे, पण मे महिन्यात इंदूरला बेचाळीस डिग्रीत बॉडी गार होणार कुठून, हवाच अंगापेक्षा गरम! म्हणून इथला शहाणा डॉक्टर 'सहा ते बारा तासांदरम्यान' असंच मोघम लिहितो, आणि मोघम लिहिलं म्हणून त्याला शिव्या घालू नका, तो प्रामाणिक आहे.

त्या डागांचा रंग निळसर जांभळा असतो. एरवी.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला मला अनोळखी नंबरवरनं फोन आला. एसआय साहेबच होते, मर्च्युरीतून बोलत होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं आणि त्यांना उत्तर माहीत नव्हतं म्हणून त्यांनी मला विचारलं. प्रश्न एवढाच, त्या बाथरूममध्ये पाणी कशानं तापवतात?

गॅस गिझर. आतच लावलेला, भिंतीवर, सिलेंडर बाहेर गॅलरीत. आणि थंडी येते म्हणून मुलानं वरच्या झरोक्यात थर्माकोल कोंबून ठेवलेला. ते सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं, कडी तोडली तेव्हा ते थर्माकोल माझ्या खांद्यावर पडलेलं, आणि पंचायतनाम्यात त्याचा एक शब्द नाही. कोणी विचारलंच नाही, आणि मला काय माहीत ते महत्त्वाचं आहे.

डॉक्टरांना डाग लाल दिसले होते, चेरीसारखे, गुलाबी लाल. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतं. माणूस श्वास घेत असतो पण आतून गुदमरत असतो. आधी डोकं जड, मग पायातली ताकद जाते, मग कडी काढायला हात वर जात नाही. आता कळलं ना माझं डोकं का ठणकत होतं.

पण नुसत्या रंगावर डॉक्टरनं लिहून दिलं नाही. सायनाइडमध्येही असा रंग येऊ शकतो, आणि बॉडी फ्रीजमध्ये ठेवली तरी डाग गुलाबी पडतात. एक साधी टेस्ट असते, रक्त पातळ करून त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालतात, साधं रक्त तपकिरी होतं, या गॅसवालं गुलाबीच राहतं. ती केली, रक्त वेगळं सील केलं, विसराही ठेवला, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की मत राखून ठेवलंय, केमिकल तपासणी आल्यावर देऊ.

हेच वाक्य घरच्यांना सगळ्यात जास्त लागतं. मुलाचे वडील निमाडातून संध्याकाळी पोचले, शेतकरी माणूस, गळ्यात गमछा, आणि ते हात जोडून म्हणत होते की आता कापायचं नाही, जे झालं ते झालं. तोवर झालेलं होतं. मला त्यांना काय सांगायचं सुचेना. नंतर मी एका फॉरेन्सिकवाल्या ओळखीच्यांना विचारलं की घरचे नको म्हणाले तर, ते म्हणाले पोलिसांनी लेखी मागणी केली की आम्हाला करावंच लागतं, आणि खरं सांगू का, नको म्हणणाऱ्यांना सहा महिन्यांनी तोच कागद हवा असतो, विम्याला, बँकेला, नाहीतर भावकीत कोणी काही बोललं म्हणून.

हे काम करतो कोण? एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमडी फॉरेन्सिक मेडिसिन. मोठ्या मेडिकल कॉलेजांमध्ये असे एमडी असतात. पण तालुक्या-जिल्ह्याला बहुतेक पीएम साधे मेडिकल ऑफिसरच करतात, सकाळी ओपीडी, मधेच डिलिव्हरी, आणि दुपारी ठाण्याची गाडी. एमडी करणाऱ्या पोरांना घरचे विचारतात पेशंट कुठे आहेत, दवाखाना कधी टाकणार. प्रॅक्टिस नाही, कमिशन नाही, आणि आयुष्यभर कोर्टाचे समन्स, बदली होऊन तीनशे किलोमीटर लांब गेला तरी दहा वर्षांपूर्वीच्या पीएमसाठी साक्षीला यावंच लागतं, कारण नुसता कागद पुरत नाही, लिहिणाऱ्याला उभं राहून सांगावं लागतं. पूर्वी सूर्य मावळल्यावर पीएम होत नसे, नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्रानं परवानगी दिली, नीट लाइट आणि व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या अटीवर, खून-आत्महत्या वगैरे केसेस सोडून.

आणि कधी कधी एवढं सगळं करून काहीच सापडत नाही. तरुण माणूस, हार्ट साफ, मेंदू साफ, विसरा साफ. त्याला निगेटिव्ह ऑटोप्सी म्हणतात. हार्टच्या विजेच्या गडबडी असतात, त्या माणूस जिवंत असताना ईसीजीत दिसतात, मेल्यावर हार्ट कापून दिसत नाहीत. तिथे 'कारण समजू शकलं नाही' लिहायला जिगर लागतं. अटॅक लिहिणं सोपं असतं, सगळे खूश होतात.

मला एकच खटकतं. त्या डॉक्टरला लाल रंग दिसला, ठीक, हुशार होते. पण समजा दुपारी वीस बॉड्यांची रांग असती आणि त्यांच्या हातात फक्त आमचा कागद, हृदयाघात, जखम नाही, तर? जिथे मेडिकल एक्झामिनर असतो तिथे त्याच ऑफिसचा माणूस जागेवर जातो, गिझर बघतो, थर्माकोल बघतो, औषधाच्या पट्ट्या मोजतो, आणि तेच ऑफिस पीएम करतं. आपल्याकडे बाथरूम बघितलं एकानं, बॉडी बघितली दुसऱ्यानं, आणि दोघांच्या मधे मी, बीकॉम. मुंबईचा कोरोनर परत आणा असं मी म्हणत नाहीये, पण डॉक्टरला पीएमच्या आधी जागेचे दहा फोटो व्हॉट्सअपवर गेले पाहिजेत एवढं तरी व्हावं, आजकाल हवालदाराच्या खिशातसुद्धा बरा कॅमेरा असतो.

लॅबचा रिपोर्ट यायला बरेच महिने गेले. आला तेव्हा कार्बन मोनॉक्साइडच निघाला. आत्यानं तोवर गिझर बाहेर गॅलरीत काढून घेतला होता आणि सुतार बोलावून दार खालून चार बोटं कापून घेतलं, आता हिवाळ्यात पायाला वारा लागतो म्हणून नवे भाडेकरू कुरकुर करतात, ती ऐकत नाही. मर्गची फाइल अपघात म्हणून बंद झाली. वडिलांना नकला हव्या होत्या म्हणून मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो, तेव्हा मुन्शीजींनी फाइल उघडली. सगळ्यात वर डॉक्टरांचं शेवटचं मत, मग लॅबचा कागद, मग पीएम, आणि सगळ्यात खाली नक्शा पंचायतनामा, त्यावर हृदयाघात, आणि त्याखाली माझी सही, चांगली लांबलचक, बँकेत करतो तशी.